मी फक्त शेळी धरायला चढले

३ डिसेंबर

आज आमचं नाव पेपरात आलं. ‘केळशीत उडणार जिल्ह्यातला पहिला बलून.’ खाली सुजयचा फोटो. आमच्या लग्नातला, मुंडावळ्यांसकट, कारण विनोदकडे म्हणे तेवढाच होता.

विनोद हा सुजयचा शाळेतला मित्र, आता पर्यटन कंपनी चालवतो. गेल्या महिन्यात रत्नागिरीला त्यांच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. जो तो उठून आपण काय करतो ते सांगत होता. कोणाचा ट्रॉलर मिरकरवाडा बंदरात, कोणाची काजूची फॅक्टरी. सुजयची पाळी आली तेव्हा आमचा होमस्टे, चार खोल्या आणि मागची नारळी-पोफळी, एवढंच सांगायचं होतं. पण हा म्हणाला, “आणि आता बलून आणतोय.” टाळ्या पडल्या. विनोदने तिथल्या तिथे फोन फिरवले, बलूनवाले गाठले, आणि वर पेपरवाल्यालाही कळवलं.

मी सुजयला विचारलं, “हे तुझ्या डोक्यात होतं कधीपासून?”

“डोक्यात नव्हतं गं. तोंडातून गेलं.”

मोठ्या गोष्टी करणारी माणसं अशीच साधेपणाने बोलतात. मी मात्र स्पष्ट सांगितलं की मला या प्रकरणाशी काही देणंघेणं नाही. मला चार खोल्यांच्या चादरी आणि बारा माणसांचं जेवण पुरे आहे.

सासूबाई म्हणाल्या, “झाडावरचा नारळ पडताना ह्याला बगवत नाय, आणि हा फुग्यात बसनार?” आईंना मुलाचं कौतुक करणं कधी जमलेलंच नाही.

११ डिसेंबर

परवानगी आली. सुजयला वाटत होतं की सरकारी काम आहे, दोन वर्षं तरी जातील. तसं तो रोज म्हणायचा. पण विनोदने पाठपुरावा केला. कागद हातात घेऊन सुजय किती तरी वेळ ओटीवर बसून होता. डोळे भरून आले होते त्याचे. मी मग त्याच्यासमोर चहा ठेवून आत गेले.

बलून दोरांनी बांधलेलाच राहणार आहे. शंभर-दीडशे फूट वर जायचं, थोडा वेळ थांबायचं, खाली यायचं. मोकळा सोडायचा नाही, कारण आमच्याकडे थंडीत सकाळी मतलई वारा सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. सुटला तर फुगा थेट अरबस्तानात.

१५ डिसेंबर

सुजय अभ्यासाला लागला आहे. जेवताना मोबाइलवर जुन्या बलूनवाल्यांची माहिती वाचतो आणि आम्हाला सांगतो. आज सांगितलं की आकाशात उडताना मेलेला जगातला पहिला माणूस बलूनवालाच. समुद्र ओलांडायला निघाला, बलूनने वरच्या वर पेट घेतला, आणि साथीदारासकट खाली. अडीचशे वर्षं होत आली याला.

“दोघेही?” मी विचारलं.

“दोघेही.” त्याने ताट बाजूला सारलं. पापलेटाची तुकडी तशीच राहिली. अभ्यास करणाऱ्याची भूक अशी मरते.

१८ डिसेंबर

बलून आला. ट्रकमधून एक वेताची टोपली, एक भलंमोठं पोतं, गॅसचे सिलिंडर आणि एक मुलगी उतरली. मुलगी म्हणजे पायलट. ज्ञानेश्वरी, साताऱ्याकडची, लायसनवाली. वय असेल अठ्ठावीस. सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, “तुजा बाप कुटं आहे?”

“साताऱ्यात आहेत की, आजी. ऊस बघतात.”

“आणि तू हे करतेस?”

“ऊस उडत नाही ना,” ती म्हणाली. सासूबाईंना ती आवडली. रात्री तिच्या ताटात दोन तुकड्या जास्त होत्या.

सुजयने तिला लगेच विचारलं, आजवर किती अपघात बघितलेस. ती म्हणाली एकही नाही. याचा चेहरा पडला. अभ्यासाला उपयोग झाला असता.

२० डिसेंबर

आज बलून पहिल्यांदा फुगवला. भात कापून मोकळ्या झालेल्या आमच्या मळ्यात, सुरूच्या बनाच्या अलीकडे. पंख्याने आधी गार हवा भरली, मग बर्नर पेटवला. डरकाळी फोडल्यासारखा आवाज झाला, गावातली सगळी कुत्री भुंकायला लागली आणि लाल-पिवळं कापड हळूहळू उठून उभं राहिलं. आमच्या देवळाच्या कळसाहून उंच. मी उगीचच पदराने डोळे पुसले. धूर असेल.

दोन जीपना आणि एका ट्रॅक्टरला दोर बांधले. ज्ञानेश्वरी म्हणाली, “चला दादा, पहिला मान तुमचा.”

सुजय म्हणाला, पहिल्यांदा माणूस नेणं शास्त्राला धरून नाही. फ्रान्सच्या राजासमोर बलून उडवला तेव्हा आधी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा पाठवला होता. ते जिवंत परतले, मग माणसं गेली.

“पण दादा, हा बलून पाचशे वेळा उडालाय.”

“केळशीत नाही उडालेला.”

मला त्याचं बरोबर वाटलं. इथली हवा दमट.

२१ डिसेंबर

मेंढी कोकणात कुठून आणायची? खालच्या वाडीतल्या काशीची शेळी आणली. बदक आणि कोंबडा आमचेच. शेळी टोपलीत घातली तर ती बर्नरच्या पायपाला तोंड लावायला लागली. कोणीतरी तिला धरायला हवं होतं. सुजय म्हणाला, त्याला सकाळपासून कंबर धरल्यासारखी वाटतेय. काशी म्हणाली, शेळी माझी आहे, जीवही माझाच आहे, दोन्ही एकदम नाही पाठवत. तेव्हा मीच चढले. फक्त शेळी धरायला.

वर जाताना काहीच कळत नाही. मला वाटलं होतं पाळण्यासारखं पोटात येईल. तसं नाही. आपण तिथेच असतो आणि शेत खाली जातं. मग आमचं घर, पुढची कौलं आणि मागची गच्ची, मग विहीर, एका बांगडीएवढी, मग सुरूच्या शेंड्यांच्या पलीकडे एकदम पूर्ण समुद्र. बर्नर बंद केला की इतकं शांत होतं की खाली कोण खोकलं तेही ऐकू येत होतं. सासूबाईंचा आवाज आला, “गो, पदर खोच!”

शेळीने कोंबड्याला लाथ मारली. सुजय नंतर म्हणाला की फ्रान्सातही अगदी हेच झालं होतं.

शेळी खाली उतरली तरी मी जरा वेळ टोपलीतच उभी होते. चप्पल अडकली होती.

२४ डिसेंबर

सुजयची कंबर धरलेलीच आहे. मी एरंडेल चोळलं.

सकाळी पुन्हा वर जावं लागलं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसलंय का ते बघायचं होतं. एरवी टाकीचं मीच बघते. सुजयला गच्चीवरचं ऊन बाधतं, लग्नाला पंधरा वर्षं झाली, एकदाही गच्चीवर आला नाही. झाकण नीट होतं. ज्ञानेश्वरी म्हणाली, “वहिनी, हे गच्चीवर जाऊन पण दिसलं असतं की.” मी म्हटलं, वरून जास्त चांगलं दिसतं.

२७ डिसेंबर

पाहुण्यांनी चारही खोल्या भरल्या आहेत. मुंबई-पुण्याची माणसं पहाटे उठून रांगेत उभी राहतात. प्रत्येक फेरीला मी असते, कारण पाहुण्यांबरोबर घरचं माणूस हवं, असं मीच ठरवलं आहे. दोर कसा आवळायचा, सिलिंडर कधी बदलायचा, बर्नर किती वेळ दाबायचा हे ज्ञानेश्वरी सांगते, आणि तेवढं कानावर पडतंच. आज तिने मला बर्नर धरायला दिला. माझी हौस नव्हे. तिला नाक शिंकरायचं होतं.

जेवताना सुजयने एका फ्रेंच बाईची हकीकत सांगितली. रात्री बलूनमधून आतषबाजी करायची. एके रात्री ठिणगी वरच्या गॅसला लागली, बाई एका घराच्या छपरावर पडली आणि तिथून रस्त्यावर. सांगताना तो माझ्याकडेच बघत होता.

“आपण कुठे फटाके उडवतो?” मी म्हटलं.

“मुद्दा फटाक्यांचा नाही, वेदिका.”

“मग?”

त्याने मुद्दा सांगितला नाही. आमटी वाढून घेतली आणि खाल्ली नाही.

३० डिसेंबर

आज मोठा गोंधळ. शेजारचे हरिश्चंद्रभाऊ, ज्यांची आंब्याची बाग आमच्या शेताला लागून आहे, हातात कोयता घेऊन आले. “बंद करा तो भट्टीचा आवाज! माजा मोहोर करपला!”

सुजय म्हणाला, अगदी हेच पहिल्या गॅसच्या बलूनच्या वेळी झालं होतं. तो एका खेड्यात उतरला तर लोकांनी राक्षस समजून काटेवाल्या दांड्यांनी भोसकून मारला. आणि तो ताबडतोब हरिश्चंद्रभाऊंना म्हणाला, “तुमचं बरोबर आहे. बंद करतो. आजच करतो. शेजारधर्म आधी.” कोणाचं नुकसान नको म्हणून हातातला धंदा सोडायला निघाला! मला एकदम भरून आलं. पण सोडून कसं चालेल?

मी म्हटलं, “भाऊ, आधी वर येऊन बघा मोहोर करपलाय का. मग बोला.”

ते म्हणाले, त्या बाहेरच्या पोरीबरोबर एकटा नाय जायचा. म्हणून मला जावं लागलं.

वर गेल्यावर हरिश्चंद्रभाऊंनी टोपलीची कड दोन्ही हातांनी धरली. मोहोर ठीक होता, झाडं पिवळसर फुलून आली होती. पण ते मोहोराकडे बघतच नव्हते. कलमांच्या पलीकडे त्यांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या हद्दीवरचा गडगा आहे, चिऱ्याच्या दगडांची बुटकी भिंत. ते बराच वेळ त्याच्याकडे टक लावून होते.

“वहिनी, तो गडगा तुम्हाला सरळ दिसतो?”

मी म्हटलं, मधे पोट आल्यासारखं दिसतंय.

“कोनाच्या बाजूला?”

“तुमच्या.”

खाली उतरल्यावर त्यांनी कोयता सुजयच्या हातात दिला, “जरा धरा,” म्हणाले, आणि चुलतभावाच्या घराकडे गेले.

२ जानेवारी

आता अर्ध्या गावाला बलूनमध्ये बसायचंय. समुद्राकडे कोणी ढुंकून बघत नाही. सगळे वर जातात आणि आपापले गडगे बघतात. काल एक आजोबा वरूनच ओरडून भावाशी भांडले. सुजय म्हणतो, गावात भाऊबंदकी पेटेल, फुगा परत पाठवू. ज्ञानेश्वरी म्हणाली, “दादा, भाऊबंदकी तर आमच्या साताऱ्यात बिनफुग्याची पण पेटते.”

९ जानेवारी

विनोदचा फोन. सव्वीस जानेवारीला जाहीर कार्यक्रम. सरपंच, पाहुणे, पेपरवाले, बँड. झेंडावंदनानंतर ‘केळशीच्या बलूनचे जनक’ म्हणून सुजय तिरंगा घेऊन वर जाणार. फोन ठेवल्यावर सुजय म्हणाला, त्याला थंडी वाजून आलीय. मी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. आलं घालून काढा दिला.

बिचाऱ्याचं नशीबच वाईट. बलून येऊन तीन आठवडे झाले आणि अजून एकदाही चढायला मिळालं नाही. कधी कंबर, कधी सर्दी, एकदा तर संकष्टी. मी त्याला म्हटलं, “तुला किती वाईट वाटत असेल.” तो म्हणाला, “फार.”

१४ जानेवारी

तिळगूळ करताना सासूबाई मला म्हणाल्या, “लहान असताना सुजय ईरीत वाकून कदी बगत नसे. पोहरा सोडायचा तर डोळे मिटून.”

मी म्हटलं, पाण्याची भीती असेल.

“पोहतो तर माशावानी.”

“मग?”

त्या हातातला लाडू वळत म्हणाल्या, “तू शाळेत हुशार होतीस ना गो?”

काही तरी लागट बोलायचंच असतं त्यांना.

२१ जानेवारी

सुजयने आज दोन हकिगती सांगितल्या. एक, दोन इंग्रज इतके वर गेले की एक बेशुद्ध पडला आणि दुसऱ्याचे हात गारठून बधिर झाले. त्याने झडपेची दोरी दातांनी ओढली, म्हणून वाचले. दुसरी, दोघे जण समुद्र ओलांडताना बलून खाली यायला लागला. त्यांनी सामान फेकलं, वल्ही फेकली, कोट फेकले, शेवटी विजारीही फेकल्या.

सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या. ज्ञानेश्वरीही हसली. सुजय हसला नाही. मीही हसले नाही, कारण मी विचार करत होते, दातांनी दोरी ओढता येईल का. नंतर स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायच्या दोरीवर करून बघितलं. येते.

२५ जानेवारी

उद्या कार्यक्रम. दुपारी सुजय मला म्हणाला, “उद्या माझ्याऐवजी तू गेलीस तर?”

मी म्हटलं, “छे! तुझा मान मी कसा घेईन?” आणि हे म्हणताना मला इतका राग का आला होता ते मला अजून कळलेलं नाही. मग कपाटातून त्याचा पांढरा झब्बा काढून कडक इस्त्री केली. इस्त्री करता करता बाहीला जरा करपवला.

२७ जानेवारी

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहिते.

कार्यक्रम सूर्य उगवताच व्हायचा होता. ज्ञानेश्वरीने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, वारा उठायच्या आत आवरायचं. झेंडावंदन वेळेवर झालं. मग भाषणं सुरू झाली. सरपंचांनी बलूनचा इतिहास सांगितला, त्यात केळशीचाच इतिहास जास्त होता. विनोद बोलला. विनोदचे पाहुणे बोलले. तोवर सुरूची झाडं हलायला लागली होती, तीही समुद्राच्या बाजूला वाकून.

ज्ञानेश्वरीने मान हलवली. “वहिनी, आज नको. हवा काढून टाकते.” ती टोपलीत होती. मीही होते, कडेला तिरंगी फीत बांधायला चढले होते. सुजय बाहेर उभा होता. त्याचे दोन्ही हात टोपलीच्या कडेवर होते आणि तो बराच वेळ चढण्याच्या बेतात होता. आज नको म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं ऊन पडलं.

तेवढ्यात लाउडस्पीकरवरून सूचना झाली. “पाहुण्यांची गाडी अडकली आहे. वाटेत उभी असलेली जीप मालकाने ताबडतोब काढावी.”

ती जीप म्हणजे आमच्या दोरांपैकी एकाची. आणि ड्रायव्हर इतका आज्ञाधारक की त्याने दोर सोडला, नीट गुंडाळून जमिनीवर ठेवला, आणि जीप काढली.

फुगा एकदम कलला. टोपली सुरूच्या झाडांकडे घसरायला लागली. उरलेल्या दोरांनी तो आडवाच झाला असता. ज्ञानेश्वरीने एक क्षण बघितलं, मग उरलेल्या दोन्ही दोरांच्या कड्या सोडल्या, बर्नर पूर्ण दाबला आणि ओरडली, “हात सोडा! सगळ्यांनी हात सोडा!”

सगळ्यांनी सोडले. सुजयने सोडले नाहीत.

मी खाली बघितलं तर त्याच्या पायांखाली जमीन नव्हती. पांढऱ्या झब्ब्यात तो टोपलीला लोंबकळत होता, डोळे घट्ट मिटलेले. आईंसमोर मी त्याला कायम ‘अहो’ म्हणते. काल सगळ्या गावासमोर, सरपंचांसमोर, मी ओरडले, “सुजय! गाढवा! सोड!” आणि मग कळलं की आता सोडला तर मरेल. “सोडू नको!” त्याने दोन्ही ऐकलं आणि दोन्हींना मान डोलावली.

मी त्याच्या पँटचा पट्टा धरला, ज्ञानेश्वरीने एका हाताने त्याची बगल. सुरूचे शेंडे त्याच्या पायांना घासून गेले. आम्ही ओढलं आणि तो डोक्यावर टोपलीत पडला, सिलिंडरच्या मधे. एक चप्पल खाली केळशीत राहिली.

मी वाकून बघितलं. पुळणीची वाळू गेली, लाटांची पांढरी रेघ गेली, आणि खाली फक्त हिरवं पाणी. बँड अजून वाजत होता. त्यांना वाटलं असणार, कार्यक्रमच असा आहे.

सुजय तळाशी बसून माझ्या पायाला विळखा घालून होता. “वेदिका,” तो म्हणाला, “मला उंचीची भीती वाटते.”

“कधीपासून?”

“जन्मापासून.”

मी मनात मोजायला लागले. कंबर. सर्दी. संकष्टी. गच्ची. पंधरा वर्षं मी टाकी साफ करतेय. मला इतका राग आला की मी भीती विसरले.

“मग हात का नाही सोडलास? सगळ्यांनी सोडले!”

“तू वर चालली होतीस ना,” तो म्हणाला. डोळे अजून मिटलेलेच. यात सांगण्यासारखं काय आहे, अशा सुरात.

मी त्याच्या झब्ब्याची करपलेली बाही नीट केली. ज्ञानेश्वरी पाठ फिरवून बर्नरकडे बघत होती.

मग सुजय पट्टा सोडायला लागला. “पँट काढू का? वजन कमी होईल.”

“दादा, पँट घाला,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “आपल्याला खालीच जायचंय.”

खरं म्हणजे तिला थोडी भीती वाटत होती. ओठ आवळले होते तिने. खाली एक होडी दिसत होती, रात्रीची मासेमारी करून परतणारी. ज्ञानेश्वरीने मला दोर दिला आणि म्हणाली, “वहिनी, मी खाली आणते. फेकायचं काम तुमचं.” ती इतकं खाली आली की टोपलीच्या तळाला पाणी लागलं आणि सुजय बसल्या जागी भिजला. मी पहिल्यांदा दोर फेकला तो पाण्यात पडला. दुसऱ्यांदा होडीवरच्या माणसाने पकडला. तो बाबू होता, आमच्या घरी मासे आणून देणारा.

बाबूने दोर धरला, वर बघितलं, मला ओळखलं आणि विचारलं, “वहिनी, आज काय पाठवू? सुरमई चांगली हाय.”

“आधी आम्हाला पाठव!” मी ओरडले.

त्याने दोर होडीला बांधला आणि इंजिन वाढवलं. वारा बाहेर ओढत होता, होडी आत. मधे बर्नरची डरकाळी. दर लाटेला टोपली पाण्यावर बसायची आणि पुन्हा उठायची. तसं करत करत बाबूने आम्हाला फुग्यासकट पुळणीवर ओढून आणलं. गुडघाभर पाण्यात सगळं गाव उभं होतं. सासूबाई सगळ्यांच्या पुढे, नऊवारी भिजलेली. त्यांनी सुजयच्या एक थोबाडीत दिली आणि मग त्याला धरून रडल्या.

संध्याकाळी आम्ही सुरमई खाल्ली. सुजयने तीन तुकड्या खाल्ल्या.

२९ जानेवारी

पेपरात मोठा फोटो. ‘जिवाची पर्वा न करता बलूनला बिलगले.’ विनोदने फोन करून सांगितलं, आता सुजयशिवाय बलून म्हणजे काहीच नाही, प्रत्येक फेरीला त्यालाच वर पाठवा. सुजय पुन्हा पांढरा पडला.

मी फोन घेतला. म्हटलं, “विनोदभाऊजी, सुजय जमिनीवरच राहणार. दोर, गाड्या, माणसं, भाषणं, सगळं त्याच्या ताब्यात. आणि भाषणं वारा उठायच्या आत संपतील.”

“मग वर कोण जाणार?”

“जाईन मी,” मी म्हटलं. सरळ म्हटलं. शेळी नव्हती, टाकी नव्हती, काही कारण नव्हतं. फोन ठेवल्यावर मी ते एकदा पुन्हा म्हणून बघितलं.

दुपारी ज्ञानेश्वरीला विचारलं, या वयात लायसनसाठी शिकता येतं का. ती म्हणाली, “मी तर शेळीच्या दिवसापासून वाट बघतेय, कधी विचारताय.”

सासूबाई मधेच म्हणाल्या, “आणि टोपलीत पाट ठेवता येतो काय? मला उभं ऱ्हावत नाय फार वेळ.”

८ फेब्रुवारी

पुन्हा सुरुवात केली. आता पुळणीवरून, ओहोटीच्या वेळी, वारा पडल्यावर, आणि चार दोर. प्रत्येक गाडीची किल्ली सुजयच्या खिशात. सकाळपासून तो प्रत्येक कडी हलवून बघत होता आणि ड्रायव्हरांना दम देत होता. इतका रुबाबदार तो मला लग्नातही दिसला नव्हता.

पहिल्या फेरीला सासूबाई, पाटासकट. बर्नर माझ्या हातात, ज्ञानेश्वरी माझ्या शेजारी हात मागे बांधून. जमीन खाली गेली. सासूबाईंनी आधी देवळाला हात जोडले, मग हरिश्चंद्रभाऊंचा गडगा बघितला, आणि म्हणाल्या, “वाकडाच आहे.”

मग त्या एकदम कडेवरून वाकल्या. “गो, सुजय पडला की काय?”

खाली वाळूवर तो उताणा पसरला होता. मीही घाबरले. मोबाइल काढून कॅमेरा मोठा करून बघितला. पडला नव्हता. मुद्दाम आडवा झाला होता. उभ्याने वर बघितलं तरी त्याला गरगरतं, आडवं होऊन बघितलं तर चालतं, हे त्याने स्वतःच कधी तरी शोधून काढलं असणार. डोळे उघडे होते. सरळ आमच्याकडे बघत होता.

मी हात हलवला. त्यानेही हलवला. एकच. दुसऱ्या हाताने वाळू घट्ट धरून ठेवली होती.